टेबलाखालून

मी उताणी. तोंडावर बारा एमएमचा प्लाय,
तुर्भ्याहून टेम्पोत आणलेला.
भोकाभोकातून लोंबणाऱ्या लाल-काळ्या वायरी.
चष्म्यावर भुसा.
वरून हे विचारतात, "दिसतंय का?"
बॅटरी यांच्या हातात,
म्हणून उजेड यांच्या हातासारखाच हलतो:
जोडावर येतो, निसटतो, पुन्हा येतो.
तो येतो तेवढ्यात मी टाका मारते.

महाप्याच्या कंपनीत अकरा वर्षं
टीव्हीचे बोर्ड केले मी.
दिवसाला दोनशे दहा. मान खाली, पंखा बंद.
इंदुलकर सुपरवायझर म्हणायचे,
चकचकीत दिसला तर टाका धरलाय,
राखाडी दिसला तर नुसता चिकटलाय.
पुढे कुलूप लागलं. आता तिथे काचेची इमारत आहे.
राळेचा वास मात्र राहिला असावा
नाकात कुठेतरी, घडी घालून.

हे मार्केटात, कांद्याच्या गाळ्यावर मुनीम.
रेल्वेशी संबंध एवढाच
की तीस वर्षं डबे जमवले, एकेक,
कपाटात, माझ्या साड्यांच्या वर, मलमलीत गुंडाळून.
इंजिन पुतण्याने कुवेतहून आणलं.
"रिटायर झालो की मांडू."
रिटायर झाले, आणि त्याच साली हात थरथरायला लागला.
आधी चहाच्या बशीत, मग सहीत.
बँकेने चेक परत केला
त्या दिवशी मी माळ्यावरून सोल्डरिंग आयर्न काढलं.

कोपरखैरण्यात सिडकोच्या साडेतीनशे फुटांत
सहा बाय चारचा डोंगर बसवायचा
तर दिवाण उभा करावा लागतो.
केला. रात्री आम्ही डोंगराखाली झोपतो.
मातीला चहाचा वाळवलेला चोथा,
झाडांना भांडी घासायची हिरवी घासणी.
रूळ बदलतात त्या जागेला सांधा म्हणतात,
हे मला आवडलं.
माझ्या गुडघ्यातही तोच शब्द आहे,
तोही असाच, अर्धा सरकून अडतो.

अडलं ते वळशावर.
यांच्या नकाशात गाडी डोंगरामागे जाते, फिरते,
आणि गेली त्याच रुळावरून परत येते.
कागदावर सुंदर.
विजेला मान्य नाही.
फिरून आलेला डावा रूळ उजव्याला भेटतो,
प्लस मायनसला,
ट्रान्सफॉर्मर टक् करून गप्प.
चार रात्री गप्प.
हे म्हणाले, "राहू दे मालू, नुसती गोल फिरवू."
गोल फिरवायला जमवलेत का एवढे डबे?

पाचव्या रात्री कुकर घासताना सुचलं.
वळसा तोडायचा. दोन्ही टोकांना,
करवतीच्या पात्याएवढी फट.
गाडी आत फिरते आहे तेवढ्यात
बाहेरच्या सगळ्या रुळांची वीज उलटी करायची.
ती बाहेर येते तेव्हा जग तिच्या बाजूचं झालेलं असतं,
तिला पत्ताही नसतो.

त्याला बटण हवं, आणि वेळेवर दाबणारं कुणी.
दुकानदाराने काडीएवढं नाजूक काही दाखवलं.
मी घेतला इन्व्हर्टरचा चेंजओव्हर खटका,
घट्ट, अख्ख्या तळव्याने ओढावा लागणारा,
थरथरीला न जुमानणारा.
यांच्या उजव्या हाताशी बसवला.
म्हटलं, स्वस्त पडला.

आता वर गाडी सुटलीय.
मी खालीच आहे, उठायला वेळ लागतो मला.
प्लायमधून चाकं ऐकू येतात, पीठ चाळल्यासारखी,
बोगद्यात बारीक होतात.
आता, मी मनात म्हणते, आता,
आणि वर खटका पडतो. खाड्.
गाडी न अडखळता परत येतेय.
हे काही बोलत नाहीत.
चिमूटभर चोथा माझ्या कपाळावर सांडतो.

स्टेशनच्या अलीकडे, तिसऱ्या जोडावर,
चाक किंचित दचकतंय.
राखाडी असणार.
उद्या बघते.